छटाकचं वजन

दादा मागच्या दाराने घरात आला. सत्तेचाळीस वर्षांत तो मागच्या दाराने दोनदाच आला असेल, एकदा शाळेत नापास झाला तेव्हा आणि एकदा आज. एका हातात त्याची बॅग होती, दुसऱ्या हातात झाकणाची वेताची टोपली, आणि टोपलीत धाकट्याचं मांजर.

स्वयंपाकघरात तिघं त्याची वाट बघत होती. वहिनी ओट्यापाशी उभी, ताई स्टुलावर, आणि मामा खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून. मंगळवारी दुपारी धाकट्याच्या घरमालकिणीचा फोन आला तेव्हाही ही तिघं इथेच होती. तेव्हापासून या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी स्वयंपाकघरात आणि दबक्या आवाजात चालली होती, कारण पुढे दुकानात आई बसलेली असायची. मध्ये फक्त एक दार आणि चार पावलांचा बोळ.

"झालं सगळं?" मामांनी विचारलं.

"झालं." दादाने टोपली फरशीवर टेकवली. "किल्ली देऊन आलो. सामानाचं नंतर बघू."

"त्याला त्रास..." ताईला पुढचं विचारवेना.

"झोपेतच गेला म्हणाले डॉक्टर. त्याला कळलंही नसेल."

ताईने मान हलवली. ती नर्स होती. हेच वाक्य तिने स्वतः कितीतरी घरांना सांगितलं होतं, खांद्यावर हात ठेवून, बरोबर याच आवाजात. आज ते ऐकायची पाळी तिच्यावर आली आणि तिला कळलं की या वाक्याने काडीचाही फरक पडत नाही.

"एक भिंत रंगवून झाली होती," दादा म्हणाला. तो अजून उभाच होता. "फिकट पिवळी. दुसरी अर्धी. आईला ऑपरेशननंतर महिनाभर तिकडे न्यायचं होतं ना त्याला, म्हणून रजा टाकून खोली रंगवत होता. ऑफिसात सांगितलं होतं, आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यांना वाटलं तो इकडे आलाय. आणि आपल्याला वाटलं तो ऑफिसात आहे."

आठ दिवस. आकडा कुणी उच्चारला नाही, पण चौघांच्याही डोक्यात तोच होता. एका सोमवारी रात्री धाकटा झोपला आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी त्याचं दार उघडलं गेलं. तेही नळ ठिबकून खाली घरमालकिणीच्या छताला ओल आली म्हणून.

"आणि हा?" वहिनीने टोपलीकडे बघितलं.

"हा त्याच नळाखाली बसून होता. नळ ठिबकत होता म्हणून वाचला. आवाज असता तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी दार ठोठावलं असतं."

छटाकला आवाज नव्हता. तोंड पूर्ण उघडायचा, जीभ दिसायची, दात दिसायचे, आणि बाहेर काहीच पडायचं नाही. धाकट्याला तो कंपनीच्या गोदामात सापडला होता, एका नाजूक वजनकाट्याच्या खोक्यात, भुशाखाली. आईने फोनवर विचारलं होतं, "किती भरलं रे पिल्लू?" आणि तो म्हणाला होता, "अगं, छटाकभर आहे." तेच नाव पडलं. पुढे छटाक चांगला चार किलोंच्या वर गेला, एक डोळा पिवळा आणि एक निळा घेऊन, पण नाव काही वाढलं नाही.

वहिनीने झाकण उघडलं. छटाकने मान वर काढली, चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि तोंड उघडलं. चौघंही नकळत आवाजाची वाट बघत राहिली.

"हाडं लागतात हो हाताला," वहिनी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्यासाठी तीन दिवस ती आईसमोर रडू शकली नव्हती. मांजरासाठी रडायला कुणाची ना नव्हती, म्हणून तिने ती संधी घेतली.

"तीन दिवस घरमालकिणीने दूध ठेवलं होतं. हुंगून बाजूला व्हायचा," दादा म्हणाला. "सोडून कसा येऊ याला?"

---

मामा हे आईचे धाकटे भाऊ. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते आणि बहीण दिलेली ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरी. दरवर्षी ते मेव्हण्याचं दुकान तपासायला येत आणि शिक्का मारून होईपर्यंत बहिणीच्या हातचा चहासुद्धा घेत नसत. शिक्का मारला की मग दोन कप घेत. असा हा माणूस मंगळवारपासून घरातल्या सगळ्यांची खोटं बोलण्याची तयारी करून घेत होता, आणि तीही खात्याच्या शिस्तीत.

"पुन्हा एकदा घेऊ," ते म्हणाले. "तू सांग. धाकटा कुठे आहे?"

"जहाजावर," दादा म्हणाला.

"का?"

"जहाजावरचे काटे बसवायला. कंपनीने तातडीने पाठवलं."

"जहाज कुठलं?"

"मोठं."

"मोठं हे नाव असतं का रे जहाजाचं? आक्का पहिला प्रश्न हाच विचारणार."

"ती पहिला प्रश्न विचारेल, तो फोन का करत नाही," ताई म्हणाली.

"समुद्रात फोन लागत नाही. परत कधी? दोन महिन्यांनी. मांजर? म्हणूनच आपल्याकडे आणून दिलं. बघा, मांजर आलं हे बरंच झालं. पुरावा आहे तो," मामा म्हणाले.

वहिनीने दुधाची बशी टोपलीपाशी ठेवली आणि ती सरळ उभी राहिली. "मामा, एवढी तालीम खरं सांगायला लागली नसती."

"सूनबाई, आपलं ठरलंय."

"तुमचं ठरलंय. मी मंगळवारीच नाही म्हटलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या गोळ्या मी देते. 'आज बाळ्याचा फोन?' हे त्या मला विचारतात, तुम्हाला नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे करून तोंड फिरवते. किती वेळा फिरवू?"

"वहिनी, मला कळतंय," ताई म्हणाली. "पण तिने ऑपरेशनला हो कुणामुळे म्हटलं? दीड वर्ष आपण सगळे डोकं फोडत होतो. ती ढिम्म. बाळ्या एकदा फोनवर म्हणाला, 'मी येतो, मी बाहेर बाकावर बसतो, तू आत जा', आणि ही लगेच तयार. उद्या दुपारी तिला दाखल करायचंय, सोमवारी सकाळी ऑपरेशन. आज तिला सांगितलं तर ती टेबलावर जाणारच नाही. आणि नाही गेली तर किती दिवस, ते मला माहीत आहे. मी ते रिपोर्ट वाचू शकते, तेवढीच माझी अडचण आहे."

एक मूल गेलं ते गेलं, आता आई तरी राहिली पाहिजे, इतकं साधं गणित होतं ते. वहिनीने हात पुसले.

"ठीक आहे. पण एक सांगते, त्या आतून हललेल्या आहेत. गेल्या रविवारी फोन आला नाही तेव्हा त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. चार वेळा दुकानातून उठून आल्या. जेवल्यासुद्धा नाहीत. शेवटी हे म्हणाले, 'अगं, माझं कालच बोलणं झालंय त्याच्याशी, फोन बिघडलाय त्याचा,' तेव्हा कुठे दोन घास खाल्ले."

ताईची मान हळूहळू दादाकडे वळली.

"काल म्हणजे शनिवारी?" तिने विचारलं.

दादा टोपलीचं झाकण लावत होता. ते नीट बसत नव्हतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा लावत होता.

"दादा, शनिवारी तू कुणाशी बोललास?"

त्या रविवारी भाजीबाजारातल्या मोठ्या काट्याचं काम होतं, ट्रक तोलायच्या. सोमवारी पहाटे बाजार उघडायच्या आत काटा चालू व्हायला हवा होता. दादा हात काळे करून हत्यारं आवरत होता आणि आई चौथ्यांदा येऊन म्हणाली होती, "तू जाऊन ये रे. सहा तासांचा तर रस्ता आहे. माझं मन ऐकत नाही." आणि तो म्हणून गेला होता, कालच बोललो. इतकं सहज, की बाजारात पोचेपर्यंत ते विसरलाही होता. धाकटा विसराळू होता, फोन चार्ज करायचा नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. मंगळवारी घरमालकिणीचा फोन आला, दिवस मोजले गेले, आणि तेव्हापासून तो त्या एका वाक्याखाली चिरडून निघत होता.

"कुणाशीच नाही," तो म्हणाला.

"तिने तुला जा म्हटलं होतं?"

"हो."

"आणि तू गेला नाहीस."

"गेला असता तरी तो..." मामा म्हणाले, "तो तर आधीच सोमवारी..."

"माहितीये मला, मामा! दिवस मलाही मोजता येतात." ताईचा आवाज चढला आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग दबक्या आवाजात बोलली. "तो वाचला नसता. पण दोन दिवस आधी सापडला असता. आईला तोंड तरी बघता आलं असतं त्याचं. म्हणून तुला लपवायचंय का हे? मी ऑपरेशनसाठी गप्प बसले. तू स्वतःसाठी गप्प बसलायस."

"तसं नाही."

"मग चल, आत्ता सांगू तिला. मी येते. मी तिची नाडी धरून बसते, पण सांगू."

आणि इथे एक विचित्र गोष्ट झाली. मंगळवारपासून खरं सांगा, खरं सांगा म्हणणारी वहिनी बोळाच्या दारासमोर येऊन उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही. ताई, तुम्ही रागात आहात. आत्ता तुम्ही सांगाल तर त्यांना दोन मुलगे गमवावे लागतील. यांच्याकडे बघा जरा. चार दिवसांत हा माणूस झोपलेला नाही."

"वहिनी, सकाळपर्यंत तूच..."

"सकाळी मला हे माहीत नव्हतं."

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा कपाळावर सरकवला. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या मापातली खोट पकडली होती, पण घरातली माणसं एका मिनिटात अशी बाजू बदलताना बघून त्यांनाही कुणाला काय विचारावं ते सुचेना.

टोपलीचं झाकण शेवटपर्यंत नीट बसलंच नव्हतं. छटाक केव्हा बाहेर आला, कुणाला कळलं नाही. वहिनीच्या पायांमधून तो बोळात गेला आणि अर्धवट लोटलेल्या दारातून दुकानात. आवाज न करणाऱ्या मांजराचा हा एक तोटा असतो.

---

आई दुकानातल्या तिच्या जागेवर बसली होती, मोठ्या काट्याशेजारी, गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण घेऊन. काटे दुरुस्त करायचं काम आधी नवरा करायचा, आता थोरला. पण शेवटची तपासणी तिची. ती पारड्यात प्रमाण वजन ठेवायची, काटा थांबेपर्यंत हूं की चूं करायची नाही, आणि मग म्हणायची, "जाऊ दे." ती जाऊ दे म्हणाल्याशिवाय या दुकानातून एकही काटा बाहेर गेला नव्हता. डॉक्टरांनी श्रम करू नका सांगितलं होतं, पण काटा बघण्याला श्रम म्हणतात का, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आतून कुजबुज येत होती. मंगळवारपासून येत होती. लेक रजा टाकून चार दिवस इथे, थोरला बाहेरगावी काट्याचं काम आहे सांगून गेलेला, भाऊ रोज सकाळी हजर, सून पाण्याचा ग्लास देते आणि भिंतीकडे बघते. आईने ठरवलं होतं की हे सगळं ऑपरेशनचं आहे. डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि ही मंडळी ते आपल्यापासून लपवतायत. स्वतःच्या मरणाची तिला फार भीती वाटत नव्हती, म्हणून हे कारण तिला सोयीचं वाटत होतं. त्याच्या पलीकडे ती मनाला जाऊ देत नव्हती.

दारातून काहीतरी करडं आत आलं. तिने चष्मा नीट केला. अर्धी शेपटी, एक डोळा पिवळा, एक निळा. फोटोत शंभरदा पाहिलेला.

"छटाक?" ती म्हणाली. आणि मग, इतक्या आनंदाने की तिचं तिलाच नवल वाटलं, "आला का रे तुझा धनी?"

तिने दाराकडे पाहिलं. दारातून कुणी आलं नाही.

छटाकने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने दुकानभर नजर फिरवली, रांगेने मांडलेल्या काट्यांवरून, आणि तो सरळ मोठ्या काट्यावर चढला. चारही पाय जवळ घेतले, शेपटीचा तुकडा अंगाला लावला आणि दगडासारखा स्तब्ध बसला.

धाकट्याने त्याला तसं शिकवलं होतं. दर रविवारी सकाळी अकराला तो छटाकला काट्यावर बसवायचा आणि आईला फोन करायचा. "आज चार दोनशे साठ." "आज चार तीनशे, लाडावलाय." इतर घरांत मुलं आईला फोन करून प्रकृती विचारतात. इथे मांजराचं वजन सांगितलं जायचं आणि त्यातच सगळं आलं. आई ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची, एकाखाली एक, अडीच वर्षांचे रविवार. घरात हे ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं. जहाजाचं नाव काय सांगायचं इथपर्यंत विचार करणाऱ्या त्या चौघांनी, वजनकाट्यांच्या घरात आयुष्य काढलेल्या माणसांनी, मांजराचं वजन मात्र लक्षात घेतलं नाही.

काटा हलला, डोलला आणि थांबला.

तीन किलो चारशे ऐंशी.

आईने काट्याकडे पाहिलं. मग सवयीने, काही न बोलता, छटाकला उचलून खाली ठेवलं, प्रमाण वजन चढवून काटा तपासला. काटा बरोबर होता. छटाक पुन्हा आपणहून चढून बसला.

तीन चारशे ऐंशी.

ती उठली. कपाटापर्यंत पाच पावलं होती, ती तिने भिंत धरून टाकली. शेवटचा आकडा बारा दिवसांपूर्वीच्या रविवारचा होता, चार तीनशे दहा. त्याखाली गेल्या रविवारची जागा रिकामी. तिने बोट वर वर नेलं, गेल्या वर्षाच्या थंडीपर्यंत. तिथे एक आकडा बाकीच्यांत बसत नव्हता. तेव्हा बाळ्याला काविळीने अचानक दवाखान्यात ठेवलं होतं आणि शेजारणीला मांजराची आठवण तीन दिवसांनी झाली होती. तीन दिवसांत तीनशे ग्रॅम उतरला होता. आणि इथे आठशे तीस.

बाळ्या स्वतः उपाशी राहील पण याला ठेवणार नाही. घरी असेल तर नाही, बाहेर जाणार असेल तरीही नाही.

आठ दिवस. आठ दिवस हा जीव एकटा होता.

तिचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला. छातीत नेहमीची कळ आली, तिने ती येऊ दिली आणि जाऊ दिली. मग ती वळून आपल्या खुर्चीपर्यंत आली, बसली, पांघरूण गुडघ्यांवर घेतलं, आणि छटाकला काट्यावरून उचलून मांडीवर घेतलं. त्याने तोंड उघडलं.

"हो," आई म्हणाली. "हो रे. कळलं मला."

---

रिकामी टोपली सगळ्यांत आधी मामांनी पाहिली. चौघंही बोळातून एकमेकांना ढकलत दुकानात आली, आणि पुढे असल्यामुळे बोलायची पाळी मामांवर आली.

"अरे वा!" ते मोठ्याने म्हणाले. "पाहुण्यांची ओळख झाली वाटतं! आक्का, तुला सांगायचंच होतं, आपला बाळ्या बघ, कंपनीने त्याला तातडीने एका जहाजावर..."

"जहाजाचं नाव काय?" आईने विचारलं.

मामांचं तोंड उघडं राहिलं, छटाकसारखं.

"तू इन्स्पेक्टर ना रे?" आई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मग मला सांग. जहाजावर जाणारा माणूस निघायच्या दिवशी मांजर आणून देईल ना? मग हे आठ दिवस उपाशी कसं?"

ताई पुढे झाली, खाली बसली आणि तिने आईचं मनगट धरलं. नाडी वेगात होती, मध्येच अडखळत होती. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं नाडीवरून हलली नाहीत.

"आई, तू आधी दीर्घ श्वास घे."

"घेते. बाळ्या गेला ना?"

"हो," ताई म्हणाली.

आईने श्वास घेतला. एक, मग दुसरा. तिसरा अर्ध्यातच तुटला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो दुकानात उभ्या असलेल्या कुणीच यापूर्वी ऐकलेला नव्हता. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. छटाकच्या पाठीत तोंड खुपसून ती रडली, आणि तो बोका, जो परक्याच्या हाताला ओरबाडायचा, जागचा हलला नाही. काट्यावर बसायचा तसाच बसून राहिला. वहिनीने मागून येऊन तिचे खांदे धरले. मामा एका बंद काट्याकडे तोंड करून उभे राहिले.

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि सगळ्या काट्यांची पारडी किणकिणली.

"कधी?" आईने विचारलं.

हा प्रश्न तिने दादालाच विचारला होता. वहिनीचा हात आईच्या खांद्यावर घट्ट झाला.

"सोमवारी," दादा म्हणाला. "शेवटच्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर बोललात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. रात्री झोपेत."

"मग शनिवारी तू कुणाशी बोललास?"

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. तरी एक क्षण, फक्त एक क्षण, दादाच्या मनात येऊन गेलं की म्हणावं, तुझी ऐकण्यात चूक झाली असेल.

"कुणाशीच नाही, आई. मला बाजारात जायचं होतं. तू पुन्हा पुन्हा येत होतीस. म्हणून तसं म्हणालो."

"मी तुला जा म्हटलं होतं."

"हो."

"मी तुझ्या त्या शब्दावर जेवले. त्या दिवशी. दोन पोळ्या जेवले मी."

दादा तिच्या पायांशी बसला. तो रडत नव्हता, त्याला रडायचा हक्कच नाही असं वाटत होतं. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. ताईला वाटलं ती त्याला मारणार. आईने त्याच्या शर्टाच्या बाहीला नख लावलं आणि कोपरापाशी वाळलेला एक ठिपका खरवडला.

"हा कसला रंग?"

"त्याच्या खोलीतला. तो भिंती रंगवत होता, तुझ्यासाठी. एक झाली होती, दुसरी अर्धी." दादाने बाहीकडे पाहिलं. "मी काल ती पुरी केली. मला दुसरं काही सुचेना. तिथे बसून काय करू तेच कळत नव्हतं, म्हणून मग ब्रश घेतला."

हे कुणालाच माहीत नव्हतं, वहिनीलाही. आईने तो पिवळा कपचा बोटांत धरला, चष्म्यासमोर नेऊन पाहिला आणि पांघरुणाच्या घडीत ठेवला.

"फिकट आहे," ती म्हणाली. "मी गडद सांगितला होता. ऐकायचा म्हणून नाही."

मग दादा रडला. आईचा हात त्याच्या डोक्यावर आला नाही, पण तिने त्याला दूरही लोटलं नाही. तिचा हात छटाकच्या पाठीवर होता आणि दादाचं डोकं छटाकला टेकलेलं होतं.

बऱ्याच वेळाने ताईने, ज्याची धास्ती चार दिवस सगळ्यांनी घेतली होती, ते विचारलं. "आई, उद्याचं... दवाखान्याचं काय करायचं? तू नाही म्हणालीस तर कुणी तुला..."

"हो मी त्याला म्हटलं होतं. तुम्हाला नाही."

ताईने मान खाली घातली. झालं, असं तिच्या मनात आलं.

"त्याला दिलेला शब्द परत घ्यायचा तर त्याला विचारायला हवं," आई म्हणाली. "आता कुणाला विचारू? जाईन मी. बॅग भरा." आणि थोडं थांबून, "बाहेर बाकावर कोण बसणार?"

"मी," दादा म्हणाला.

आईने वहिनीला खूण केली, वहिनीने छटाकला उचललं. आई उठली, या वेळी ताईचा हात धरून, आणि कपाटापर्यंत गेली. दारावर टांगलेली पेन्सिल घेऊन तिने रिकाम्या रविवारच्या जागी एक आडवी रेघ मारली. तिच्या खाली लिहिलं, तीन चारशे ऐंशी. आकडा स्वच्छ होता.

मग तिने पेन्सिलीची दोरी खिळ्यावरून सोडवली आणि पेन्सिल दादापुढे धरली.

"परवा रविवार. मी दवाखान्यात असेन. याला काट्यावर बसवायचं आणि अकराला मला फोन करायचा."

दादाने पेन्सिल घेतली. "करतो."

"भरलं असेल तेवढंच सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून एक ग्रॅम वाढवायचा नाही."

त्याने मान हलवली.

"तोंडाने बोल."

"जेवढं भरेल तेवढंच सांगेन, आई," दादा म्हणाला. "कमी भरलं तर कमी."